गाडीतल्या बाईला यमन ऐकू येत नाही

गाडीच्या शोरूममध्ये, नुसतं बोलून गाणं कसं लावायचं याचा डेमो देताना सेल्समन कायम एखादं ताजं हिट गाणं मागतो, ते फटकन लागतं आणि आपण खूश. पण त्याच्या पेनड्राइव्हमध्ये असतात मोजून पन्नासेक गाणी. घरी येऊन आपण आपला खरा ऐवज लावला, म्हणजे बाबांनी कॅसेटवरून, रेडिओवरून, सीडीवरून उतरवून ठेवलेलं, काकाच्या हार्ड डिस्कवरून आणलेलं, मी कॉलेजात असताना इकडून तिकडून डाउनलोड केलेलं, सगळं मिळून बारा-तेरा हजार फाइल्स, की मग बाई भंजाळते. (बाई म्हणजे डॅशबोर्डमधला आवाज, आमच्या घरी तिला बाईच म्हणतात.)

लोक म्हणतात तिला आपले उच्चार कळत नाहीत. अर्धं खरं आहे. माझं मत विचाराल तर तिला ऐकू बऱ्यापैकी येतं, आपण तिच्या हातात दिलेली यादीच भंगार असते.

होतं काय की पेनड्राइव्ह खोचला की ती एकेक फाइल उघडून आतले टॅग वाचते, गाण्याचं नाव, गायक, अल्बम, त्याची यादी करते, प्रत्येक नावाचा उच्चार कसा असेल याचा स्वतःच अंदाज बांधते, आणि मग आपण जे बोलू ते त्या यादीशी ताडून बघते. हे सगळं होईपर्यंत गायकाच्या नावाने काही मागता येत नाही. मी सकाळी ठाण्यातल्या कासारवडवलीहून ऐरोलीला निघते, तर कापूरबावडी येईपर्यंत बाईचं इंडेक्सिंगच चालू असतं. अर्थात घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून तेवढ्या वेळात तिचं काय, कुणाचंही काहीही उरकतं.

आता यादीत पन्नास नावं असली तर एकमेकांसारखी वाजणारी फारशी नसतात, बाई अंदाजपंचे ठोकते आणि बरोबर येतं. तेरा हजारांत प्रत्येक नावाला शेजारी असतात. रागांचीच नावं घ्या, जोग, जोगकंस, जोगिया. मालकंस, मालगुंजी. मागे रिक्षाचा हॉर्न, एसीचा पंखा चारवर, पावसाळ्यात टपावर पावसाचा मारा, त्यात एका अक्षराचा फरक तिने कसा पकडायचा?

आणि टॅगांची तर कथाच आहे. एमपीथ्री फाइलला नावगाव चिकटवायची जी आयडीथ्री पद्धत आहे ती १९९६ सालची. फाइलच्या शेवटी फक्त १२८ बाइट, त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं. 'राग शुद्ध सारंग - विलंबित' हे रोमनमध्ये लिहिलं की बरोब्बर ३० होतात, पुढे तालाचं नाव गेलं तेल लावत. दोनेक वर्षांत नवी आवृत्ती आली, तिच्यात जागा भरपूर, पण बाबांच्या अर्ध्या फाइल्स अजून त्या जुन्या ३० अक्षरांतच आहेत. संगीताचा प्रकार लिहायला मूळच्या यादीत ८० प्रकार होते, त्यात पोल्का आहे, प्रँक्स म्हणून पण एक आहे, हिंदुस्थानी शास्त्रीय नाही. त्यामुळे आमच्याकडे अख्खं किराणा घराणं 'अदर' नाहीतर 'एथनिक'मध्ये.

बरं, साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं बहुतेक वेळा नसतातच. सीडी कॉम्प्युटरवर उतरवताना सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्या डेटाबेसला विचारतं ही कुठली सीडी, आणि तिथली बरीचशी माहिती जगभरातल्या लोकांनीच आपापल्या परीने टाइप करून भरलेली. म्हणून एकटे भीमसेन जोशी आमच्याकडे चार-पाच आहेत, नुसते भीमसेन, पीटी भीमसेन, पीटी डॉट भीमसेन, पंडित भीमसेन, आणि २००८ ला भारतरत्न जाहीर झाल्यावर पुढे तेही लागलेले. बाईच्या लेखी हे सगळे वेगवेगळे गायक. डाउनलोडवाल्या फाइल्सचं तर विचारूच नका, तिथे अल्बमच्या जागी त्या साइटचंच नाव. बाबांनी एकदा हौसेने विचारायला लावलं की आत्ता कोण गातंय, तर बाईने गंभीर आवाजात कुठलंसं डॉट कॉम सांगितलं. बाबा म्हणाले, हे कुठल्या घराण्याचे?

आता उच्चारांचं. माझ्या स्टिरिओत भाषा इंग्लिश, त्यामुळे रोमनमधलं नाव ती इंग्रजी वळणाने वाचते. 'जोग' म्हणजे तिच्या मते सकाळी पळायला जातात ते. मी तसं म्हणून बघितलं, लगेच लागला. देवनागरीत टॅग भरले तर आमच्या स्क्रीनवर नुसते चौकोन येतात आणि बाई ते नाव यादीतच धरत नाही, तो मार्ग बंद. बाबा मात्र रागाचं नाव वाकडं घ्यायला मरेपर्यंत तयार नाहीत. ते शेजारच्या सीटवरून म्हणणार, "अगं, जरा जोग लाव बघू, तो जुना, रेडिओवरचा." माइक ड्रायव्हरच्या तोंडाकडे, वाक्य एवढं लांब, त्यात बीप वाजायच्या आधीच अर्धं बोलून झालेलं. मी सांगते, बाबा, बीप झाल्यावर बोला, आणि नुसतं नाव घ्या, बघू वगैरे नको. ते म्हणतात, बाईमाणसाशी असं तोडून बोलतात का.

फोनवरून अँड्रॉइड ऑटोने (म्हणजे फोन गाडीच्या स्क्रीनला जोडून) लावता येतं हे माहितीय, कमेंटमध्ये कुणी तरी लिहिणारच म्हणून आधीच सांगते. तिथे आवाज सर्व्हरवर जाऊन ओळखला जातो, आपली नावं त्याला जास्त कळतात हे खरंय. पण तो पेनड्राइव्हमध्ये डोकावत नाही, अॅपमधून शोधून आणतो, आणि जुनं भावगीत मागितलं की कुणीतरी गिटारवर गायलेलं लो-फाय कव्हर लावतो. नाशिकला जाताना कसारा घाटात नेटवर्क गेलं की तोही गप्प. आणि बाबांनी ऐंशीच्या दशकात रेडिओवरून टेप केलेल्या बैठकी कुठल्या अॅपवर मिळणारेत?

शेवटी लॅपटॉपवर एमपीथ्रीटॅग हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर घेतलं (विंडोजवर फुकट आहे) आणि गाडीसाठी वेगळीच कॉपी बनवली. घरची हार्ड डिस्क जशीच्या तशी, तिला हात नाही लावायचा. गाडीच्या कॉपीत गायकांपुढच्या पदव्या काढल्या, पंडित, उस्ताद, विदुषी सगळ्या. यावर बाबा दोन दिवस नीट बोलत नव्हते, "त्यांची पदवी काढणारी तू कोण?" मग पदव्या कमेंटच्या रकान्यात टाकल्या, बाईला दिसत नाहीत आणि बाबांचं समाधान. रागाचं नुसतं नाव न ठेवता पुढे गायक जोडला, कारण नाव जितकं लांब तितकं तिला ताडायला जास्त मिळतं, एकाक्षरी दोनाक्षरी नावांतच तिची जास्त फसगत होते.

पण सगळ्यात कामाला आली ती अल्बमची युक्ती. आमचा स्टिरिओ पेनड्राइव्हवरच्या एमथ्रीयू प्लेलिस्ट (गाण्यांच्या याद्यांच्या फाइल्स) वाचत नाही, म्हणून मी अल्बमच्या रकान्यातच प्लेलिस्टचं नाव घातलं, आणि नाव असं की इंग्रजी बाईला झोपेतही कळावं. सकाळचे राग म्हणजे टायगर. भावगीतं ऑरेंज. अभंग संडे. "प्ले अल्बम टायगर" म्हटलं की पहिल्या फटक्यात तोडी सुरू, विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये स्क्रीनकडे बघायलाही लागत नाही. नावं बाबांनीच ठेवली, तराण्यांना हेलिकॉप्टर हे पण त्यांचंच.

क्रमाचंही बघावं लागतं. गीतरामायणाची ५६ गाणी, त्यांना क्रम आहे, आणि फाइलच्या नावात नुसता १, २ आकडा असेल तर पुष्कळ स्टिरिओ १ नंतर १०, ११ वाजवतात आणि २ येतो मागाहून, मधल्या मधे वनवास होतो आणि रामजन्म नंतर. म्हणून ०१, ०२ असंच लिहायचं. काही स्टिरिओ तर नावही बघत नाहीत, पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने कॉपी झालं त्या क्रमाने वाजवतात, तिथे ड्राइव्ह फॉरमॅट करून सगळं एकदम ओळीने कॉपी करायचं. फॉरमॅट फॅट ३२ ठेवा, पुष्कळ गाड्यांना एनटीएफएस वाचता येत नाही. आणि मॅन्युअलमध्ये फाइल्सची, फोल्डरची मर्यादा दिलेली असते ती वाचा, तिच्यापुढच्या फाइल्स बाई गुपचूप सोडून देते, एरर वगैरे काही येत नाही. साध्या १२८ केबीपीएस दर्जाला ६४ जीबीच्या ड्राइव्हमध्ये हजार तासांच्या वर गाणं मावतं, पण मावतं म्हणून घालायचं नसतं. मी दोन हजार फाइल्सवर आणलंय आणि बाई एकदम शहाणी झाल्यासारखी वागते.

राहिलंय ते नाट्यसंगीत. तिथे एकच पद सहा-सात जणांनी गायलेलं, नाव अगदी तेच, आणि बाई आपली यादीत जे पहिलं ते लावून मोकळी होते. सगळी ठेवली तर परत तोच गोंधळ, म्हणून प्रत्येक पदाचं एकच ठेवायचं ठरलंय. कुणाचं ठेवायचं याची वही बाबांनी करायला घेतलीय. पहिल्याच पानावर दोन नावांत अडलेत, आणि आई तिसरंच नाव धरून बसलीय.