रेन, पेन, शेण

दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, लाइट गेलेली, बाहेर झड लागलेली, झोपायला याहून चांगलं हवामान देव तरी कुठून देणार, आणि तेवढ्यात चुलतभावाचा फोन. "ताई, रेनला यमक सांग ना पटकन." मी म्हटलं, कसली रेंज? "रेंज नाही गो, रेन! पाऊस! पेंटर आलाय, चहा पितोय, त्याचा चहा संपेपर्यंत लाइन पाहिजे."

तर प्रकरण असं की याचा मालगुंडला होमस्टे आहे. दोन-चार खोल्या, पुढे माड, मागे फणस आणि कोंबड्या. मे महिन्यात गणपतीपुळ्याला जागा मिळाली नाही की लोक तिथून पुढे सरकत सरकत याच्याकडे येतात, पण पाऊस सुरू झाला की कुत्रं फिरकत नाही. म्हणून यंदा मान्सून पॅकेज काढायचं आणि रस्त्याला बोर्ड लावायचा. बोर्ड इंग्लिशमध्ये, कारण मुंबई-पुण्याच्या पब्लिकला मराठी बोर्ड दिसला की वाटतं आत कमोड नसणार (हे त्याचं मत, माझं नाही). आणि लाइन यमकातलीच पाहिजे. का, तर म्हणे लक्षात राहते.

आता मालगुंड म्हणजे केशवसुतांचं गाव. 1866 चा जन्म त्यांचा. इंग्लिशमधलं सॉनेट, ते चौदा ओळींचं, कुठल्या ओळीचं यमक कुठल्या ओळीशी हे आधीच ठरलेलं, ते मराठीत आणलं या माणसाने. त्यांचं स्मारक याच्या घराजवळ, आणि हा यमकासाठी रत्नागिरीला मला फोन करतो. तसं मी बोलूनही दाखवलं. तर म्हणाला, "त्यांचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

पण खरं सांगायचं तर त्याने बरोबर माणसाला फोन केला होता. मला ही खोडच आहे. कोणी शब्द टाकला की मनात आपोआप त्याला जोड शोधणं सुरू. बँकेत टोकन हातात आलं की टोकन, कोकण, शोषण, आणि मग नंबर निघून जातो. डॉक्टर गंभीर चेहऱ्याने थायरॉइड म्हणत होता तेव्हा मी अँड्रॉइडपर्यंत पोचले होते. यावर औषध नाही, आणि असलं तरी मी घेणार नाही.

तर रेन. मी उठून बसले आणि धडाधड सांगायला लागले. पेन. ड्रेन. स्टेन. स्ट्रेन. स्प्रेन. चेन. केन, म्हणजे मास्तरांची छडी. इनसेन. व्हेन, म्हणजे व्यर्थ. स्लेन, म्हणजे ठार झालेला. कम्प्लेन, हे तर होमस्टेवाल्याच्या मुळावरच. सांगता सांगता लक्षात आलं की पावसाच्या नातेवाइकांत एकही धड माणूस नाही. सगळे दुखणाईत, वेडे, नाहीतर गटारातले. एवढी मोठी भाषा, आणि पावसाशेजारी बसवायला यांना गटार आणि मुरगळलेला पाय सापडला. बरं, यांच्याकडे पाऊसही आपल्यापेक्षा कमीच पडतो, तक्रारी मात्र केवढ्या.

"शॅम्पेन चालेल का?" मी विचारलं.

"लायसन नाही."

"मग अगेन. कम अगेन इन द रेन."

"अगेन कसलं, पहिल्यांदा तर येऊ देत."

ट्रेन सुचवायची इच्छा होती, पण मीच गिळली. पावसात कोकण रेल्वेचं वेगळं टाइमटेबल लागतं, गाड्या हळू सोडतात, दरडी पडतात म्हणून रुळांवर माणसं गस्तीला असतात, आणि हे सगळं बरोबरच आहे, पण पाहुणा रत्नागिरी स्टेशनला उतरेपर्यंत आंबून गेलेला असतो. त्याला वर बोर्डावरही ट्रेन वाचायला लावायची म्हणजे जखमेवर मीठ.

तेवढ्यात मागून पेंटरचा आवाज आला. "हँड में पेन, बाहर रेन. टाका ना."

पेन म्हणजे लिहायचा पेन. मी फोनवरच आडवी झाले, हसून. म्हणजे टेबल ठेवतोय, कागद ठेवतोय, लेखक-कवी मंडळी खिडकीत बसलीयत, हातात पेन, बाहेर रेन. मला लाइन आवडली, अजून आवडते. पण इंग्लिशच्या नियमाने ते यमकच नाही. त्यांचा नियम कडक आहे. शब्दातला जो स्वर जोरात म्हणतो तिथपासून शेवटपर्यंत सगळं सारखं पाहिजे आणि त्याच्या आधीचं व्यंजन मात्र वेगळं पाहिजे, तर पक्कं यमक. रेनमधला ए लांबतो आणि जाता जाता 'इ'च्या बाजूला घसरतो, पेनमधला ए आखूड, आला तसा गेला. म्हणून रेन आणि पेन हे त्यांच्या लेखी जवळपासचं यमक, अर्ध्या तिकिटाचं. आणि दुखणारा पेन मात्र फुल तिकीट.

आता मला सांगा, आपल्याकडे हे दोन पेन वेगळे बोलतं कोण? एकच मात्रा, एकच न. आमच्या नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर विचारतात "पेन कुठाय?" आणि आजोबा खिसा चाचपतात. टेन, हेन, मेन, देन, सगळी वऱ्हाडी मंडळी आपण रेनच्या पंगतीला बसवतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. त्या अगेनवर खुद्द इंग्लिश बोलणाऱ्यांचं एकमत नाहीये, कोणी तो मेन म्हणजे माणसं याच्या चालीवर म्हणतं, कोणी मेन रोडच्या चालीवर. आपण दोन्ही एकाच चालीवर म्हणतो, भांडण मिटलं.

आणि स्पेलिंगचं तर विचारूच नका. जॉन वॉकर नावाच्या माणसाने 1775 साली यमकांचा कोश काढला, त्यात शब्द शेवटच्या अक्षराकडून लावलेले, म्हणजे उलटे. कल्पना झकास. पण कानाचं काम डोळ्यावर टाकलं की काय होतं बघा, रेनच्या शेजारी कॅप्टन येतो, माउंटन येतो, व्हिलनही येतो, कारण शेपटीची अक्षरं तीच. आणि रेनचे सख्खे भाऊ, लेन, प्लेन (उडणारं), शॅम्पेन, हे कुठल्या कुठे दुसऱ्या पानांवर.

एक रेन तर असा की राज्य करणं, दुसरा रेन म्हणजे घोड्याचा लगाम. उच्चार अगदी पावसासारखाच, पण इंग्लिशमध्ये हे यमकाला फारसं चालत नाही, कारण आधीचं व्यंजनही तेच, मग त्यात कसब काय असं म्हणतात. मोरोपंतांना हे सांगितलं असतं तर ते हसले असते. अख्खी हयात गेली त्यांची यात, 1729 ते 1794, आर्यांवर आर्या. आपल्या अलंकारशास्त्रात तीच अक्षरं पुन्हा आली आणि अर्थ बदलला की ते यमक, आणि मग पंडित माना डोलावतात. तिकडे कॉपी केली म्हणून पेपर काढून घेतात, इकडे पैकीच्या पैकी मार्क.

बोर्डाचं काय झालं ते सांगून टाकते. पेंटर अक्षरावर पैसे घेतो हे चहा संपल्यावर कळलं. त्यामुळे कविता रद्द. 'हॉट वॉटर, व्हेज-नॉनव्हेज' आणि खाली मोबाइल नंबर. विषय संपला.

माझा मात्र संपला नाही, झोप तर गेलीच होती. रेन, पेन करता करता जीभ कुठे गेली तर शेणावर. शेण, मेण, येणं, देणं. आणि शेण म्हटल्याबरोबर आमच्या खळ्यातली जाखडी, म्हणजे आमच्या कोकणातला गाण्यांचा नाच, डोळ्यासमोर उभी राहिली.

गौरी-गणपतीचे दिवस, रात्रीचे अकरा-बारा, पेट्रोमॅक्सची बत्ती, मध्ये ढोलकी आणि झांजवाले बसलेले, भोवती एका पायात चाळ बांधून पोरं गोल फिरतायत, आणि आम्ही पडवीच्या कठड्यावर डोळे ताणून. वाडीचे बुवा गिरणीत होते मुंबईला, 82 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, मग गावी येऊन नांगर धरला. पण शाहिरी जबर. समोर तुरेवाले, म्हणजे विरुद्ध पार्टीचे शाहीर, आले की हे जागच्या जागी उत्तर बांधायचे, कागद नाही, काही नाही. तेव्हा रेल्वेची नुसती बोलणी चाललेली, कोणाची जमीन जाणार, कोणाला नोकरी लागणार, दुसरा विषय नसायचा. त्या रात्री बुवांनी एक ठेवून दिलं:

मुंबैची गो सून म्हनं, येन मी धरून ट्रेन,
सासू म्हनं, ये गो बाय, खळ्यात हाय शेन!

खळं फुटलं. बायका पदर तोंडात धरून, चाकरमान्यांच्या शहरी सुना कावऱ्याबावऱ्या, ढोलकीवाल्याने दोन थापा जास्तीच्या दिल्या. आजी पण हसली, मी बघितलं तिला. पण सकाळी दळण निवडताना सुरू झाली, "यमक चांगलं होतं हो, पण शेण म्हणावं की! शेन काय शेन!" आजीचं ण वर फार. आमच्या घरात पानी म्हटलं तर पाणी मिळायचं नाही. तिच्या कानाला ट्रेन-शेण हे जवळपासचं, थोडं अडखळणारं, आणि बुवांच्या तोंडात ते अस्सल, कणभर फट नाही. तेव्हा मी आजीच्या पार्टीत होते. आता बुवांच्या आहे. येईनचं येन करून एका ओळीत दोन यमकं बसवली त्यांनी, हे मला परवा त्या झडीत पडल्या पडल्या कळलं. रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 ला, तोवर बुवांचे गुडघे गेले होते, जाखडी पोरं करायला लागली होती कॅसेटच्या चालींवर.

आणि तसं बघायला गेलं तर पावसाचं आपलं पहिलं गाणं तरी कुठे पक्क्या यमकाचं आहे. पावसा आणि पैसा. खोटा आणि मोठा. एकातही इंग्लिश परीक्षक पास करणार नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या ओरडतायत पोरं. (ते तिकडची पोरं पावसाला जा म्हणतात आणि आपली ये म्हणतात, ही कोटी मी करणार नाही, प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी करतं.)

पक्क्या यमकाने नुकसानच जास्त होतं असं माझं मत झालंय. ते स्पेनच्या पावसाचं वाक्य आहे ना, रेन, स्पेन, मेनली, प्लेन, आपल्या फुलराणीच्या इंग्लिश बहिणीला ए शिकवायला घोकून घेतात ते. 1938 च्या पिग्मॅलियन सिनेमात आलं ते पहिल्यांदा. त्यात म्हटलंय की स्पेनमधला पाऊस मुख्यतः मैदानात पडतो. साफ खोटं. तिथे पाऊस उत्तरेच्या किनाऱ्याला आणि डोंगरांत पडतो, मधलं पठार कोरडं. म्हणजे अगदी आपल्यासारखं, आंबोलीला धो धो आणि घाट चढून पलीकडे गेलं की छत्री मिटा. चार शब्द जुळवायला एका देशाचा भूगोल फिरवला.

हे सगळं कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून संध्याकाळी आत्याला फोन लावला. आत्या चिपळूणला, बाजारपेठेच्या मागे. उखाण्यांत तिचा हात धरणारं आमच्या घराण्यात कोणी नाही, कुठल्याही नावाला उभ्या उभ्या जोडून द्यायची, लग्नात मुली तिच्यामागे लायनीत. मी उत्साहाने सुरू केलं, रेन, ड्रेन, पेन, बघ ना गो कसले एकेक, ती नुसती हं हं करत होती. मग म्हणाली, "ते यमक-बिमक राहू दे. तुझ्याकडे कधीपासून लागलाय?"

म्हटलं, सकाळपासून.

"भरती किती वाजताची ते बघ जरा. माझा चष्मा वर राहिलाय."

2021 च्या जुलैत, 22 तारखेला, वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा ती आणि काका माळ्यावर बसून होते. भरतीच्या वेळेला वरून पाऊस असला की नदीचं पाणी पुढे सरत नाही, ते शहरात पसरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहितीये. मी मोबाइलवर बघितलं आणि सांगितलं, रात्री साडेबाराची. बरं, म्हणाली. गाद्या वर नेऊन टाकते आणि तांदळाचा डबा, मग बघू. आणि फोन ठेवला.