मुलांना पातळी सांगावी

पावसाळ्यात सांगलीच्या गावभागातील घरांमध्ये सकाळचा पहिला प्रश्न "किती फूट?" हा असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची जी पातळी मोजली जाते तिच्याविषयी हा प्रश्न असतो, आणि विचारणाऱ्याला त्यापुढे काही स्पष्ट करावे लागत नाही. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे येथे पाढ्यांसारखे पाठ असतात. आमच्या घरात हा प्रश्न आता बहुतेक वेळा मुलेच विचारतात. पूर्वी मात्र मुले खोलीत आली की आम्ही मोठी माणसे बोलता बोलता थांबत असू, आणि त्या थांबण्याने आम्ही त्यांना काय देत होतो हे मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळले.

तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता आणि धाकटी पाच वर्षांची. सासऱ्यांचे सारे आयुष्य या नदीकाठी गेलेले. २००५ च्या महापुरात पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत फिरले होते, त्यामुळे त्याहून वर ते येणार नाही असा त्यांचा ठाम विश्वास होता आणि आमच्या गल्लीत जवळजवळ सगळ्यांचाच तसा होता. तरीही पाणी वाढत राहिले तेव्हा मी मुलांना आणि सासू-सासऱ्यांना घेऊन मिरजेला नणंदेकडे जाण्याचे ठरवले. मुलांना मी एवढेच सांगितले की शाळेला सुट्टी आहे, आपण आत्याकडे मजा करायला जातो आहोत. थोरल्याने विचारले, "दप्तर घेऊ का?" मी म्हणाले, "कशाला? चार दिवसांत तर परत येणार आपण." त्या दप्तरात त्याची चित्रांची वही होती. ती पुढे गाळात सापडली, आणि सापडली नसती तर बरे झाले असते अशा अवस्थेत सापडली.

यजमान मात्र सांगलीतच राहिले. हरभट रस्त्यापासून जवळच आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. शाळा सुरू होऊन दोन महिनेच झाले होते, माल भरलेला होता, आणि जेवढे गठ्ठे वरच्या मजल्यावर चढवता येतील तेवढे चढवून मग निघतो, असे ते म्हणाले होते. मग रस्ते बंद झाले, वीज गेली आणि त्यांचा फोनही लागेना. मुलांना आम्ही सांगत राहिलो, "बाबा कामात आहेत."

८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. बातमी दूरचित्रवाणीवर आली तेव्हा मी घाईने संच बंद केला आणि आम्ही बायका स्वयंपाकघरात जाऊन हलक्या आवाजात बोलू लागलो. थोरल्याला ती बातमी आत्याच्या मुलाकडून कळलीच. त्यानंतरचे दोन दिवस तो जेवायला बसायचा आणि अर्धी भाकरी टाकून उठायचा, पण त्याने एकदाही काही विचारले नाही. मला वाटले, परक्या घरी त्याला करमत नसेल. तिसऱ्या दिवशी यजमान चिखलाने भरलेल्या कपड्यांनिशी दारात उभे राहिले तेव्हा हा मुलगा त्यांच्याकडे धावला नाही. तो माझ्याकडे वळला आणि ओरडला, "मला वाटलं बाबा त्या बोटीत होते. तुम्ही कुणीच काही सांगत नव्हता म्हणून मला वाटलं."

ते वाक्य मी आजही विसरू शकत नाही. मी त्याचे रक्षण करते आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी एका नऊ वर्षांच्या मुलाला दोन दिवस आणि दोन रात्री वडिलांच्या मृत्यूच्या कल्पनेजवळ एकटे बसवून ठेवले होते. घरात काहीतरी घडते आहे हे मुलांना आपल्या चेहऱ्यावरून, आपल्या अर्धवट तुटलेल्या बोलण्यावरून, आजीने जपमाळ जरा जास्त वेळ हातात धरल्यावरून कळतच असते. काय घडते आहे तेवढे फक्त कळत नाही, आणि ती मोकळी जागा मूल स्वतःच्या मनाने भरते. खरी गोष्ट कितीही वाईट असली तरी मुलाने मनात रचलेली गोष्ट बहुधा तिच्याहून भयंकर असते.

त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या घरात ते छातीएवढे होते. परतल्यानंतरचा गाळ, तो वास, फुगून दगडासारखे जड झालेले वह्यांचे गठ्ठे, यांविषयी मी येथे फारसे लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पुन्हा तशीच वेळ आली. या वेळी मी पहिल्याच दिवशी दोन्ही मुलांना स्वयंपाकघरात बसवले आणि परातीत आमची सांगली मांडली. नळाखाली घागर ठेवली, ती कोयनेचे धरण. नळ म्हणजे महाबळेश्वर आणि नवजाकडचा पाऊस. घागर भरत आली की तिच्यातले पाणी थोडे थोडे सोडावे लागते, ते कराडला कृष्णेत मिळते आणि खाली आपल्याकडे येते. शेजारी तांब्या ठेवला, ती वारणा. वारणा आपल्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळते, आणि तिला पूर असला की आपले पाणी पुढे सरकायला वाट मिळत नाही, ते येथेच तुंबून चढते, त्याला आजोबा 'फूग' म्हणतात. धाकटीने विचारले, "पण आपल्याकडे तर ऊन पडलंय, मग पाणी का वाढतंय?" आमच्या भागातील कित्येक मोठी माणसेसुद्धा याच एका गोष्टीने फसतात, हे तिला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. परात आणि घागर समोर होती, त्यामुळे सात वर्षांच्या मुलीला ते दहा मिनिटांत उमगले. शेवटी मी त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगितली की हे पाणी एकदम अंगावर येत नाही, ते फुटाफुटाने चढते, आणि म्हणून आपल्याला निघायला वेळ मिळतो.

त्यानंतर आम्ही सर्वांनी मिळून ठरवले की पातळी ४० ला पोहोचली की कोणाशीही वाद न घालता निघायचे. सासऱ्यांना ते पटायला वेळ लागला. अखेर नातवाने त्यांना विचारले, "आजोबा, २०१९ ला काय झालं होतं?" आणि मग ते गप्प बसले.

प्रत्येकाला काम वाटून दिले. थोरल्याने दर तीन तासांनी पातळी वहीत लिहायची आणि मागच्या नोंदीपेक्षा ती किती वाढली ते सर्वांना वाचून दाखवायचे. धाकटीने आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा, चष्मे आणि आपली एक पिशवी सांभाळायची. पिशवीत काय घ्यायचे हे मी ठरवले नाही. तिने दोन फ्रॉक, रंगपेटी आणि देवघरातली पितळी घंटा घेतली. घंटा कशाला, असे विचारण्याचा मोह मी आवरला. येथे एक गोष्ट मी फार जपून सांगते, कारण पुष्कळ आया येथेच चुकतात असे मला दिसते. मुलाला दिलेले काम खरे असले पाहिजे. ते त्याने केले नाही तर घराचे काहीतरी अडले पाहिजे. "तू हे धर आणि इथे बस" असे म्हणून हातात दिलेली वस्तू म्हणजे काम नसते, आणि ते मुलांना लगेच ओळखू येते. गोळ्यांचा डबा खरोखर धाकटीकडेच होता. मी दुसरा डबा गुपचूप भरून घेतला नव्हता.

निघताना ती तुळशीपाशी बसून रडली. मी तिला "रडू नको" म्हटले नाही. वृंदावन नेता येत नाही, पण एक फांदी नेता येते, असे सांगून मी तिच्या हाताने फांदी तोडवली. खरे सांगितल्यावर मूल रडत नाही असे कोणी समजू नये. ते रडते, पण ज्या गोष्टीसाठी रडायला हवे त्याच गोष्टीसाठी रडते.

त्या वर्षीही पाणी ५४ फुटांच्या पुढे गेले आणि आमच्या घरात शिरले. नुकसान झाले, पण मिरजेतील ते दिवस मात्र अगदी वेगळे गेले. थोरला रात्री झोपला. वडील कोठे आहेत, कोणासोबत आहेत आणि पुढचा फोन किती वाजता करणार आहेत, हे त्याला माहीत होते.

या अनुभवाने मी इतकी भारावून गेले की पुढे उलट्या बाजूची चूक केली, तीही सांगितली पाहिजे. दोन पुरांनंतर दुकानावर कर्ज झाले होते. मुलांपासून काही लपवायचे नाही या निश्चयाने मी थोरल्याला सगळे सांगितले. कर्ज किती, हप्ता कधी, कोणाचे देणे थकले आहे, बाबा रात्री का जागतात, हे सारे मी एका बैठकीत त्याच्यापुढे ओतले. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. महिन्याभराने शाळेची सहल निघाली आणि त्याने आम्हाला कळवलेच नाही. मला ते दुसऱ्या एका पालकांकडून कळले. मी विचारले तर म्हणाला, "मला जायचंच नव्हतं." त्याच्या चपलेचा पट्टा तुटला होता, तोही त्याने दोऱ्याने शिवून घेतला होता.

त्या दिवशी मला उमजले की खरे सांगणे आणि आपले ओझे मुलाच्या डोक्यावर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याला हप्ता सांगितला होता, पण तो हप्ता कसा फेडला जाणार आहे आणि तो फेडणे हे कोणाचे काम आहे, हे सांगितले नव्हते. मी घरखर्चाची वही त्याच्यापुढे उघडली आणि दाखवले की हे भाडे, हे किराणा-दळण, हा हप्ता, आणि ही शाळेच्या खर्चासाठी दर महिन्याला बाजूला काढलेली रक्कम, तिला कोणीही हात लावत नाही. कर्ज फेडणे माझे आणि बाबांचे काम आहे. तू फक्त पंखा आणि दिवे बंद करत जा आणि चप्पल तुटली की सांगत जा. तेव्हापासून मुलांना कोणतीही कठीण गोष्ट सांगताना मी दोन वाक्ये कधी वगळत नाही. पहिल्यात काय झाले आहे ते येते आणि दुसऱ्यात ते कोण सांभाळत आहे ते. दुसरे वाक्य माझ्याकडे तयार नसेल तर मी एक दिवस थांबते, यजमानांशी बोलते, आणि मगच मुलांकडे जाते. नवरा-बायकोतील रुसवेफुगवे, जावा-नणंदांच्या तक्रारी यांतले मात्र मी मुलांना काही सांगत नाही. मुलगी कितीही समजूतदार असली तरी तिला मैत्रीण समजून तिच्यापाशी सासरचे गाऱ्हाणे मांडू नये. तिला ती माणसे आजी आणि आत्या म्हणून हवी असतात.

गेल्या वर्षी सासरे गेले. घरात पाहुणे जमले होते आणि कोणीतरी मायेपोटीच धाकटीला सांगितले की आजोबा झोपले आहेत. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणून त्याने काही बिघडले नाही. पण तिच्याबरोबर माझ्या जावेचा चार वर्षांचा मुलगा होता, आणि तो पुढे कित्येक दिवस दुपारी झोपायला तयार होईना. जावेने मला विचारले तेव्हा मी तिला म्हणाले, त्याला जवळ घेऊन सरळ सांगा की आजोबांचे शरीर खूप म्हातारे आणि आजारी झाले होते, ते बंद पडले, आता ते परत येणार नाहीत, आणि झोपलेली माणसे सकाळी उठतात. 'देवाघरी गेले' असे जरूर म्हणावे, आपल्याकडे तसेच म्हणतात आणि त्यात आधार असतो, पण तेवढ्यावर थांबू नये. आजोबा देवाघरून कधी येणार, असे त्याने पुन्हा पुन्हा विचारले तर पुन्हा पुन्हा तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावे. लहान मुले उत्तर बदलत नाही ना हे तपासत असतात.

ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही त्याचे काय करावे, असेही जावेने विचारले. मी तरी "मला माहीत नाही, पण कळले की तुला सांगेन" असे म्हणते, आणि कळले की खरोखर सांगते, मुलाने पुन्हा विचारण्याची वाट पाहत नाही. एकदा जरी हा शब्द मोडला तरी मुले पुढच्या वेळी आपल्याकडे येत नाहीत. ती फोनवर फिरणाऱ्या निरोपांकडे जातात, आणि पुराच्या दिवसांत धरण फुटल्याचे किती खोटे निरोप फिरतात हे आम्ही येथे पाहिले आहे. आमच्या घरी आता असा निरोप आला की थोरला आधी प्रशासनाची नोंद पाहतो आणि मग आजीला समजावतो.

या जूनमध्ये आम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला नवा कागद लावला. त्यावर थोरल्याच्या अक्षरात लिहिले आहे: ३५ ला कागदपत्रे आणि दुकानाचे हिशेब वर, ३८ ला आजीच्या गोळ्या आणि पिशव्या दारापाशी, ४० ला मिरज. खाली धाकटीने लाल पेनाने 'घंटा' असा एक शब्द वाढवला आहे, आणि त्यापुढे कोणाचे काम या रकान्यात सासूबाईंनी स्वतःचे नाव लिहायला सांगितले आहे.