हेळवाकच्या वळणापलीकडची रेघ

कराडहून कोयनानगरला जाणारी एसटी पाटण सोडते, तेव्हा कोयना नदी रस्त्याच्या सोबतीला असते आणि आपण तिच्या प्रवाहाविरुद्ध पश्चिमेकडे चाललेले असतो. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ जवळजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. शाळेत साताऱ्याचा नकाशा काढताना हे वळण मी पट्टी लावून काढत असे. गेल्या डिसेंबरात मी तिकडे गेले, ती मात्र नदीसाठी किंवा धरणासाठी नव्हे. नदी वळते त्या परिसरातून दक्षिण-नैर्ऋत्येकडे एक रेघ जाते, जी रस्त्यांच्या नकाशात नाही आणि जमिनीवरही सहसा दिसत नाही. ती जिथून जाते ती जागा मला पाहायची होती.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी याच रेघेवरचा खडक सरकला. भूकंपाची तीव्रता ६.३ होती, १७५ हून अधिक माणसे दगावली आणि कोयनानगरची बहुतेक घरे कोसळली. भूकंप म्हटला की जमीन वरखाली होते, अशी आपली समजूत असते. येथे मात्र सरकणे मुख्यतः आडवे होते: उभ्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत विरुद्ध दिशांना गेले.

या आडव्या सरकण्याचा अर्थ मला वाटेतल्या एका अरुंद पुलावर नेमका उमगला. समोरून दुसरी एसटी आली आणि दोन्ही गाड्या वीतभर अंतर राखून एकमेकींशेजारून सरकू लागल्या. मी चालकाच्या बाजूच्या खिडकीत होते. बाहेर तोंड केल्यावर समोरची गाडी डावीकडून उजवीकडे जाताना दिसली. त्या गाडीतून आमच्याकडे पाहणाऱ्यालाही आमची गाडी उजवीकडेच जाताना दिसली असणार. भ्रंशाच्या, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात त्या भेगेच्या, कोणत्याही बाजूला उभे राहिले तरी पलीकडची बाजू उजवीकडे सरकलेली दिसत असेल, तर भूशास्त्रात त्याला उजवा आडवा भ्रंश म्हणतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमध्ये हादरलेला सगाइंग भ्रंश आपल्या रस्त्यावरच्या वाहतुकीसारखा, म्हणजे उजवा आहे. कोयनेचा नेमका उलटा, डावा आहे. पश्चिमेकडे उभे राहून पूर्वेला पाहिले तर समोरचा भूभाग डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकलेला. (शेजारच्या प्रवाशाला हे सांगण्याचा मोह मी आवरला.)

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण पाहिले. १०३ मीटर उंचीच्या या भिंतीला त्या पहाटे तडे गेले, ते मुख्यतः सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच भागांत आणि जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीवर; पुढे मागून आधार देऊन भिंत मजबूत करण्यात आली. धरणात बसवलेल्या यंत्राने टिपलेली त्या हादऱ्याची नोंद जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासली आहे. उद्यानात मात्र याविषयी वाचण्यासारखे मला काही आढळले नाही.

हेळवाकच्या दक्षिणेला डोणीचावाडा आहे. १९६७ मध्ये या भागात जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि गावाच्या नावावरूनच या भ्रंशाला शास्त्रज्ञ ओळखतात. रस्त्याकडेला बसलेल्या एका आजोबांना भेगेची जागा विचारली. ते उठले आणि काहीही न विचारता मला एका खाचराच्या बांधावर घेऊन गेले. भात कापून झाले होते, खोडके तेवढी उरली होती. "हितंच कुठंतरी," ते म्हणाले, "आमच्या बानं दगड-माती भरली, उरलेलं पावसानं बुजवलं. आता नांगर फिरतो की ताई." त्या पहाटेची आठवण विचारली, तर हादऱ्याआधी आलेल्या आवाजाविषयीच ते बोलत राहिले, घर पडल्याचे त्यांनी एका वाक्यात उरकले. नातवाच्या भूकंपग्रस्ताच्या दाखल्यासाठी घातलेल्या खेपांचे वर्णन त्याहून बरेच लांबले.

बांधावर उभी राहून मी उत्तर-दक्षिण पाहिले. खाचरे, झाडी, पलीकडे डोंगर. कुठेही ओळ म्हणावी असे काही नव्हते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मातीत भेग टिकणार तरी किती? पण ती दडण्याचे खरे कारण याहून जुने आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला आणि त्याखाली कितीतरी प्राचीन ग्रॅनाइटी खडक झाकला गेला. इथले भूकंप बहुतांशी त्या खालच्या खडकात होतात. त्यामुळे रेघ शोधायला मातीतला हेलियम मोजावा लागला, विमानातून लेसर किरणांनी जमिनीचे चढउतार टिपावे लागले आणि शेवटी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडावे लागले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागला आणि मग थेट ग्रॅनाइटी खडक.

धरणामुळे भूकंप झाला का, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात दोन पिढ्या चघळला जात आहे. मला येथे कारण आणि निमित्त हे दोन शब्द वेगळे ठेवावेसे वाटतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्याने खडकांत ताण आधीच साठलेला होता. साठ्याचे पाणी फटींतून खाली झिरपले, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला आणि दोन बाजूंना धरून ठेवणारी पकड सैल झाली. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर लहान धक्क्यांची संख्या वाढते, ती याच कारणाने. दक्षिणेला, सांगली जिल्ह्यात, चांदोलीला वारणेचे पाणी १९८५ पासून साठू लागल्यावर धक्के तिकडेही पसरले. मात्र वारणेकडच्या भूकंपांत खडक आडवा न सरकता बराचसा खाली घसरतो. इतक्या थोड्या अंतरात सरकण्याची तऱ्हा का बदलावी, हे कोडे मला धरणाच्या वादापेक्षा अधिक ओढ लावते.

चांदोलीपर्यंत त्या दिवशी पोहोचता आले नाही. परतीच्या गाडीत मी मुद्दाम दाराच्या बाजूची खिडकी धरली, कारण पुलावरच्या गाड्या पुन्हा मोजत बसले असते. कराडच्या अलीकडे अंधार पडला. भूकंप अभ्यासण्यासाठी खोल छिद्रांवर काम करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा येथेच, हजारमाचीला आहे. गोठण्याच्या पोटातल्या त्या खडकाविषयी मी वाहकाला विचारले, तेव्हा त्याने तिकिटांचे यंत्र बंद करत गोठण्याला जायचे असेल तर गाडी पाटणलाच बदलायला हवी होती, असे सांगितले.