मध्ययुगीन सांगाड्यांचे रासायनिक विश्लेषण : माझा अनुभव

पुरातत्त्वविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी इंग्लंडमध्ये होते, तेव्हा प्रबंधासाठी उत्तर इंग्लंडमधील एका मध्ययुगीन दफनभूमीतील सांगाडे अभ्यासायला मिळाले. ही माणसे काय खात होती आणि ती त्याच परिसरात वाढली होती का, हे दोन प्रश्न हाडांतील व दातांतील समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या, आधारे सोडवायचे होते.

प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधी बराच काळ अर्जात गेला आणि तो योग्यच होता, असे माझे मत आहे. आम्लात टाकलेला हाडाचा तुकडा कायमचा नष्ट होतो. त्यामुळे नेमका प्रश्न कोणता, तो अन्य मार्गाने सुटणार नाही का, आणि कमीत कमी किती हाड पुरेल, हे सारे संग्रहालयाला लेखी पटवून द्यावे लागते. तुकडा काढण्यापूर्वी प्रत्येक हाडाची छायाचित्रे व मोजमापे घेऊन ठेवावी लागतात.

कोणते हाड निवडायचे, यावर उत्तराचा अर्थ अवलंबून असतो. दाताचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, बालपणी तयार होते आणि पुढे बदलत नाही. मांडीच्या हाडातील ऊती सावकाश बदलत असल्यामुळे त्यात दहा वर्षांहून अधिक काळाची सरासरी सापडते, तर बरगडीत आयुष्याची शेवटची काही वर्षेच उमटतात. लेस्टर येथे २०१२ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या रिचर्डच्या सांगाड्यावर हेच तत्त्व वापरले गेले. त्याचे दात, मांडीचे हाड आणि बरगडी यांची तुलना केल्यावर, १४८३ मध्ये राजा झाल्यानंतर त्याच्या ताटात उंची पक्षी व गोड्या पाण्यातील मासे वाढल्याचे आणि तो वाइनही अधिक पिऊ लागल्याचे २०१४ मध्ये मांडण्यात आले. माझ्या सांगाड्यांपैकी कोणीही राजा नव्हते. मी मुख्यतः आधीच तुटलेल्या बरगड्यांचे तुकडे मागितले, कारण त्यामुळे पुढील अभ्यासाचे नुकसान सर्वांत कमी होणार होते.

हाडाचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ केल्यावर तुकडे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालून शीतकपाटात ठेवले जातात. खनिज भाग हळूहळू विरघळतो आणि आकार तसाच राहून हाड रबरासारखे लवचीक होते. घाई केली, तर कोलॅजेन हे हवे असलेले प्रथिनही खराब होते, म्हणून आम्ल बदलत वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. नंतर ते किंचित आम्लयुक्त पाण्यात सुमारे ७० अंश सेल्सिअसला विरघळवून गाळतात, गोठवतात आणि निर्वातात वाळवतात. हाती उरतो तो पांढरा, हलका पदार्थ. त्यातला सुमारे अर्धा मिलिग्रॅम कथिलाच्या इवल्याशा डबीत बंद करून मास स्पेक्ट्रोमीटर या समस्थानिकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राकडे जातो. श्वास रोखून चिमट्याने डबी मिटणे हे सगळ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे काम होते. आलेल्या आकड्यांतही कार्बन व नायट्रोजन यांचे अणुप्रमाण २.९ ते ३.६ यांच्या बाहेर गेले, तर तो नमुना बाद करावा लागतो, कारण जमिनीत त्याचे कोलॅजेन बिघडलेले असते.

माणसांच्या हाडांचे आकडे आले तरी त्यांतून लगेच काहीच सांगता येत नाही, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने समजले. अन्नसाखळीत एक पायरी वर चढले की नायट्रोजनचे मूल्य, म्हणजे त्याच्या जड समस्थानिकाचे हलक्याच्या तुलनेतील प्रमाण, साधारणतः हजारी ३ ते ५ ने वाढते. परंतु ही वाढ कुठून मोजायची, हे त्याच ठिकाणच्या गुरांच्या, मेंढ्यांच्या व डुकरांच्या हाडांवरूनच ठरते. शेणखत घातलेल्या शेतातील धान्यातही नायट्रोजनचे मूल्य चढते, त्यामुळे प्राण्यांचे नमुने नसतील तर खत आणि मांस यांत गल्लत होण्याचा धोका असतो. म्हणून मी प्राण्यांच्या हाडांसाठी वेगळा अर्ज केला. शिवाय कोलॅजेन प्रामुख्याने आहारातील प्रथिनांची नोंद ठेवते. मध्ययुगीन शेतकऱ्याचे पोट ज्यावर भरे, ती भाकरी, पेज आणि एल नावाची बिअर त्यात फिकट उमटते.

समुद्री मासे खाणाऱ्यांत नायट्रोजनबरोबर कार्बनचे मूल्यही चढते. ईस्टरपूर्वीच्या लेंट या ख्रिस्ती उपवासकाळात व शुक्रवारी मांस वर्ज्य असल्याने हेरिंग, कॉड यांना मोठी मागणी होती, म्हणून इंग्लंडमध्ये चढलेल्या कार्बनचा अर्थ बहुधा मासे असा लावतात. हा निष्कर्ष महाराष्ट्रात जसाच्या तसा चालणार नाही. ज्वारी व बाजरी या वनस्पती कार्बन वेगळ्या रीतीने घेतात आणि त्यांचे मूल्य गहू-तांदळापेक्षा बरेच चढे असते; त्यामुळे रोज भाकरी खाणारा देशावरचा माणूस फक्त कार्बनच्या आकड्यावरून समुद्रकाठचा वाटू शकेल. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशी धान्ये जवळजवळ नव्हती आणि मका तर अमेरिकेतून यायचा होता, म्हणून तिथे हे कोडे सोपे होते.

मूळ ठिकाणासाठी निवडक दातांच्या एनॅमलमधील स्ट्रॉन्शियम तपासले. खडकांतील या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मातीतून, पाण्यातून व पिकांतून दातांत उतरते : खडूच्या खडकांच्या प्रदेशात ते ०.७०८ च्या आसपास, तर प्राचीन ग्रॅनाइटवर ०.७११ च्या वर असू शकते. एका प्रौढ स्त्रीचे मूल्य त्या परिसराशी जुळेना. मला गावाचे नाव लिहिण्याचा मोह होत होता. पण तेच मूल्य स्कॉटलंडमध्येही मिळते आणि स्कँडिनेव्हियातही. त्यामुळे तिचे बालपण दफनभूमीच्या परिसरात गेलेले दिसत नाही, एवढेच वाक्य प्रबंधात ठेवले.

उरलेले कोलॅजेन लेबल लावून संग्रहालयाला परत केले आणि सर्व मूल्ये, बाद ठरलेल्या नमुन्यांसह, सांगाड्यांच्या क्रमांकांनुसार त्यांच्या नोंदींत जोडली. पुढच्या अभ्यासकाला आहाराच्या प्रश्नासाठी त्याच बरगड्या पुन्हा कापाव्या लागू नयेत, ही परवानगीचीच एक अट होती.