दहा हात आणि एक ‘पण’

फेब्रुवारी संपत आला की मला दहा हातांची बाई काढावी लागायची.

काम बडोद्यातल्या मकरपुऱ्याकडच्या एका कंपनीचं. आठ मार्चचं पोस्टर. एका हातात लॅपटॉप, एकात लाटणं, एकात बाळ, मग स्टेथोस्कोप, पाना, तराजू, रोपटं, असं करत करत हात भरायचे आणि मागे सूर्य उगवायचा. तिसऱ्या वर्षी चित्र पाठवलं तर उलट निरोप आला, ‘मॅडम, मस्त आहे, फक्त लाटणं नीट दिसत नाही. जरा पुढे घ्या ने.’ मी लाटणं पुढे घेतलं. सात हजार रुपये खात्यात आले. लाटणं पुढे घेताना मला काहीच वाटलं नाही, सावली कुठे पडेल एवढाच विचार केला. राग आला तो त्याचा, आणि तोही रात्री, भांडी विसळताना.

पुण्याच्या भाचीला फोन करून मी हे सगळं ऐकवलं. तिने फोन ठेवल्यावर एक लिंक पाठवली. ‘मावशी, हे ऐक. तुझं रडगाणं ऐकून मी दमले.’

‘द गिल्टी फेमिनिस्ट’ हा तो पॉडकास्ट. डेबोरा फ्रान्सिस-व्हाइट आणि सोफी हेगन या दोघी विनोदी कलाकारांनी २०१५ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेला. समोर प्रेक्षक बसलेले असतात, त्यामुळे हशा-टाळ्यांसकट कानात येतो. पहिला भाग माझ्या निम्मा डोक्यावरून गेला. तिकडची माणसं लोटपोट हसतायत आणि मी दांडिया बाजारातल्या तिसऱ्या मजल्यावर कोरडी बसलेय. वेग कमी करून पाहिला, तर बाया झोपेत बडबडल्यासारख्या वाटायला लागल्या. पण सुरुवातीचा एक खेळ मात्र पक्का कळला. भाग सुरू होताना त्या म्हणतात, ‘मी स्त्रीवादी आहे, पण…’ आणि पुढे स्वतःचीच एखादी लबाडी कबूल करतात. तत्त्व एक, वागणं दुसरं. लोक हसतात, कारण त्यांचंही तेच असतं.

मी दुसऱ्या दिवशी रद्दीतली एक पाठकोरी वही घेतली आणि माझे ‘पण’ लिहायला लागले. वाटलं होतं चार-पाच निघतील. आठवड्यात वही निम्मी भरली.

मी स्त्रीवादी आहे, पण रिक्षावाल्याने ‘बेन’ म्हटलं तर खुश होते आणि ‘मासी’ म्हटलं की सुटे पाच रुपयेसुद्धा सोडत नाही. मी स्त्रीवादी आहे, पण दारावर अनोळखी माणूस आला की रिकाम्या घरात वळून ‘अहो, कोण आलंय बघा’ म्हणते. मी स्त्रीवादी आहे, पण सत्यनारायणाला सगळी तयारी मी करते, पूजा नवरा करतो आणि मी त्याच्या हाताला बोट लावून ‘मम’ म्हणते. शेवटचं लिहिताना पेन थांबलं. हसू आलं होतं, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकलंही होतं. म्हटलं, हे चित्र आहे, आणि अशा चित्रांची एक पुस्तिका होईल.

आता चित्र म्हणजे कसं? आम्ही बडोद्याच्या फाईन आर्ट्समधून शिकून आलेले. १९५० पासूनची ती फॅकल्टी, तिथे ‘इलस्ट्रेशन’ हा शब्दच चहाच्या टपरीवर थोडा खालच्या पट्टीत उच्चारला जायचा. त्यात गावात राजा रविवर्मा. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात त्याच्या बायका इतक्यांदा बघितल्यात की पेन्सिल सैल सोडली की मान आपोआप तिरपी होते आणि पदर घरंगळतो. माझ्या पहिल्या सगळ्या कच्च्या चित्रांत मी ‘मम’ म्हणतेय आणि दमयंतीसारखी दिसतेय.

अडलं तेव्हा भूपेन खख्खर आठवले. आमच्याच गावातले चित्रकार, पेशाने हिशेबनीस. १९८१ मध्ये त्यांनी एक मोठं चित्र काढलं: खाली रस्त्यावर बापलेक आणि गाढवाची जुनी गोष्ट चाललीय आणि वर गॅलरीत एक माणूस पाठमोरा उभा राहून ती बघतोय, अंगावर कपडा नाही. तो माणूस म्हणजे स्वतः चित्रकारच. इतरांना हसायचं असेल तर आधी आपण गॅलरीत नागडं उभं राहायचं. लंडनच्या बाया माईकसमोर तेच करत होत्या. मी रविवर्म्याच्या बाईला बाहेर काढलं आणि स्वतःला बसवलं: चष्मा, सुटलेलं पोट, गाऊनवर ओढणी, उजव्या कोपराला शाईचा डाग.

त्यानंतर मी महिनाभर रोज सकाळी तासभर खंडेराव मार्केटच्या पायरीवर वही घेऊन बसले. भाजीवाल्या बायका कशा बसतात ते नीट बघा कधी. साडी गुडघ्यापर्यंत, एक पाय पसरलेला, तराजू मांडीला टेकलेला, आणि गिऱ्हाईक पुरुष असला तरी पाय आवरत नाहीत. पोस्टरवाल्या कुठल्याच बाईचा पाय मी असा पसरला नव्हता. आणि मग बुकानीवाल्या मुली. ॲक्टिव्हावर, दुपट्टा डोक्यापासून गळ्यापर्यंत गच्च गुंडाळलेला, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे. फक्त डोळे. तोंडच नाही तर हसू कुठे दाखवायचं? मी कितीतरी कागद वाया घालवले. शेवटी सापडलं ते सिग्नलला. शेजारच्या बाईकवाल्याने काहीतरी म्हटलं, आणि त्या मुलीने मान न वळवता फक्त आरसा थोडा आत वळवला, त्याच्यावर ऊन मारलं. त्याचे डोळे मिटले. सिग्नल सुटला. ते पान मी एका बैठकीत काढलं.

ऐकण्याचे माझे नियमही ठरत गेले. छोट्या छोट्या चौकटीत कल्पना जुळवताना काहीही ऐकायचं नाही, नाहीतर दुसऱ्याचाच विनोद चित्रात शिरतो. पेन्सिलला फार तर गाणं, तेही शब्दांशिवाय. आणि निब शाईत बुडवली की पॉडकास्ट बंद. हा नियम पानं फुकट घालवून शिकले. एका आजीची नऊवारीची निरी ओढत होते, एकच लांब रेघ, मधे हात उचलायचा नाही, आणि कानात कोणीतरी आपल्या सासूबद्दल काहीतरी बोललं. मी फिसकन हसले. निरी थेट आजीच्या नाकात गेली. ब्लेडने खरवडून पाहिलं, कागदाला केस सुटले. तेव्हापासून विनोद फक्त काळं भरायला आणि स्कॅन साफ करायला. ६०० डीपीआयवर स्कॅन केलं की कागदाचे ठिपके, पेन्सिलीची धूळ, मांजराचा एक केस, सगळं दिसतं. ते एकेक पुसताना दोन-दोन भाग सहज ऐकून होतात. माझं अर्धं स्त्रीवादी शिक्षण मांजराचे केस पुसताना झालंय.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. ‘मम’चं पान वाळत घातलं होतं ते त्यांनी चष्मा लावून पाहिलं. मला वाटलं आता देवाधर्मावरून काही निघणार. त्या म्हणाल्या, ‘हात चुकलाय. बोट नाही लावायचं, अख्खा हात लावायचा. बोट लावलंस म्हणून तुला अर्धंच पुण्य मिळालं.’ मग थोडं थांबून, ‘मी काही तुमच्यासारखी स्त्रीवादी-बिवादी नाही हो. पण बँकेच्या पासबुकावर यांचं नाव घालू दिलं नाही मी. चिमणाबाई उद्योगालयात शिवण शिकले, ब्लाउज शिवले, पैसे माझे. हे म्हणाले, जॉइंट करू. मी म्हटलं, कपाट जॉइंट आहे ना, पुरे.’

मी निब खाली ठेवली. पुस्तिकेची दुसरी बाजू मिळाली होती.

पुढचे दोन महिने मी ‘मी स्त्रीवादी नाही, पण…’ गोळा केले. सासूबाईंच्या भिशीतल्या बायका, खालच्या मजल्यावरच्या काकू, भिशीतल्याच एकीची नव्वदी ओलांडलेली आई. त्या आजी म्हणाल्या, ‘आमची आत्या महाराजांच्या कायद्याने मोकळी झाली. घरात कोणी नाव काढायचं नाही, पण वर्षाचे पापड तिच्याच हातचे लागायचे.’ बडोदा राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच झाला होता. ही गोष्ट मी शाळेत स्पर्धेसाठी पाठ केली होती. तिला पापडाचा वास आहे हे आता कळलं.

आणि या बायकांचा विनोद! लंडनच्या बाया प्रेक्षकांना हसवतात, या समोरच्याला हसू येऊ न देता मारतात. त्याला आपल्याकडे टोमणा म्हणतात, आणि तो फार जुना आहे. शेजारच्या सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, त्यावरून चिडून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. वाचून बघा. पानोपानी पुरुषांची अशी खिल्ली उडवलीय की विनोद आपण बाहेरून आणला असं म्हणायची सोय उरत नाही. मी मात्र लंडनला जाऊन, वळसा घालून घरच्या स्वयंपाकघरात पोचले, हेही खरं.

तर पुस्तिका दोन्हीकडून वाचायची ठरली. एका बाजूने ‘आहे, पण’, उलटी धरली की दुसऱ्या बाजूने ‘नाही, पण’. ए-फाईव्ह, चोवीस पानं, मधे दोन पिना. चारच्या पटीत पानं हवीत म्हणून एक चित्र मनावर दगड ठेवून गाळलं. डाव्या पानावर वाक्य, उजव्यावर ‘पण’ आणि चित्र. शेवटची बारा पानं मी फाईलमध्येच डोकं खाली करून लावली आणि तीनशे प्रती एकरंगी छापायला दिल्या. प्रेसचं नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे.

गठ्ठा घ्यायला गेले तर काका खुशीत. ‘ताई, तुमच्या फाईलमध्ये निम्मी पानं उलटी लागली होती. मी सगळी सरळ करून घेतली. पैसे नका देऊ त्याचे.’

सगळीच्या सगळी तीनशे. पानं सरळ झाली होती, क्रम तोच राहिला होता. त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यात ‘पण’ आधी येत होता आणि वाक्य नंतर: ‘पण पासबुकावर यांचं नाव घालू दिलं नाही. मी स्त्रीवादी नाही.’ मी काकांना समजावलं, प्रत दोन-तीनदा गोल फिरवून दाखवली. त्यांना कळेना की कोणी मुद्दाम असं का करेल. शेवटी कागदाचा खर्च मी, छपाई त्यांनी, अशा तडजोडीवर दीडशे नव्याने निघाल्या. खराब गठ्ठा घरी आणला. सासूबाईंनी दोन्ही प्रती वाचल्या आणि श्रावणात मंगळागौरीला वाटायला खराब गठ्ठाच मागून घेतला. ‘हेच बरोबर आहे. करून झाल्यावरच म्हणतो आम्ही, नाही म्हणून.’

मंगळागौरीच्या रात्री फुगड्या आणि सासू-सुनेचं खोटं भांडण झाल्यावर कोणीतरी पुस्तिका मोठ्याने वाचायला घेतली. दीड वाजेपर्यंत चाललं. खालच्या काकूंनी स्वतःचाच ‘पण’, ‘हा माझा नाहीच’ म्हणून नाकारला आणि लगेच त्याहून वाईट एक सांगितला, तो मी छापू शकत नाही.

या फेब्रुवारीत त्या कंपनीचा पुन्हा मेल आला. दहा हात, मागे सूर्य. मी दर कळवला: एका हाताचे बाराशे, सूर्य फुकट. दोन दिवस सामसूम. मग फोन आला, आपसात चर्चा झाली, सहा हातांत बसवता येईल का. म्हटलं, येईल ने, कोणते चार काढू?

त्यांनी यादी पाठवली. लॅपटॉप, स्टेथोस्कोप, पाना आणि तराजू गेले. लाटणं राहिलं.