मलाझगिर्त 1071: खांबांपाशी लढाई शोधू नका

मांझिकर्टची रणभूमी पाहायला पूर्व तुर्कीतल्या मलाझगिर्तला (मांझिकर्टचं आजचं नाव) जाल, तर टॅक्सीवाला गावाबाहेर दोन उंच खांबांपाशी उतरवेल आणि म्हणेल, हेच ते. ते नाही. खांब 1989 सालचे आहेत. 26 ऑगस्ट 1071 रोजी बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राट रोमानोस आणि सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान नेमके कुठे भिडले, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. फोटोला दहा मिनिटं पुरतात.

सुरुवात वान सरोवराकाठच्या अहलातपासून करा. रोमानोसने आपला सेनापती जोसेफ तार्खानिओतिसला मोठी फौज देऊन इकडेच धाडलं होतं आणि ती फौज लढाईला परत आलीच नाही. अहलात-मलाझगिर्त सरळ रेषेत 45 किमीच्या आसपास, म्हणजे लष्कराच्या चालीने दोन दिवस. हे अंतर गाडीतून गेल्याशिवाय फौज अशी विभागण्याच्या चुकीचा आकार कळत नाही. अहलातमध्ये चालकाला रणभूमीसाठी नुसतं ‘मेयदान’ (मैदान) म्हणू नका. तिथे मेयदान नावाची सेल्जुक दफनभूमी आहे, तो तिकडे वळू शकतो. (दफनभूमी उत्तम आहे, पण तो वेगळा दिवस.)

भाडं ठरवताना ‘जाणं, चार तास थांबणं, परत येणं’ हे तिन्ही एकाच आकड्यात कागदावर लिहून घ्या. थांबण्याचे पैसे नंतर निघतात आणि तिथेच लुबाडणूक होते. डोल्मुश (सामायिक मिनीबस) स्वस्त, पण भरल्याशिवाय हलत नाही. संध्याकाळी परतीला मिळेल या भरवशावर राहू नका.

आता खरा त्रास: गावाच्या दक्षिणेचा माळ आणि त्यापलीकडचे उतार. नकाशावर हे सपाट, सोपं दिसतं. प्रत्यक्षात दीड हजार मीटरहून जास्त उंची, सावली शून्य, ऑगस्टमध्ये ओहोळ कोरडे, वाट म्हणजे शेताचे बांध. माणशी 4 लिटर पाणी, त्याखाली नको. त्याहून वाईट म्हणजे मेंढपाळांची कुत्री. कळप दिसला की लांबून वळसा घाला. कुत्रं धावून आलं तर पळू नका, जागीच थांबा आणि मेंढपाळाला हाक द्या. एकट्याने तर जाऊच नका.

तरीही जा, कारण लढाई इथेच उलगडते. उतारावरून गावातल्या किल्ल्याकडे पाहा: घोड्यावरच्या तिरंदाजाला मागे सरकायला जागाच जागा, जड घोडदळाला गाठायला काही नाही. रोमानोस दुपारभर पुढे सरकत राहिला आणि छावणी लांब मागे पडली. दिवस कलताना त्याने निशाण मागे वळवलं, तोच बगलेला वाटलं सम्राट पडला. पिछाडीचा सेनापती आंद्रोनिकोस दुकास मदतीला न येता छावणीकडे निघून गेला. सम्राट जिवंत पकडला गेला. हा गोंधळ समजायला संध्याकाळच हवी, पण इथलं घड्याळ पश्चिमेला दूर असलेल्या इस्तंबूलचं आहे, त्यामुळे अंधार लवकर पडतो. ऑगस्टअखेर सूर्य सातच्या आत बुडतो. साडेसहाला गाडीत बसलेलं बरं.

काळ्या दगडाचा किल्ला पाहायला तासभर पुरे. 25-26 ऑगस्टला सरकारी सोहळा असतो: गर्दी, तपासण्या, अडलेले रस्ते. सोहळाच पाहायचा नसेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या, आणि रात्रीसाठी जाड जाकीट आणा.