डबल बेल कोण देतं?

अण्णा चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी कराड-चिपळूण मार्गावर. गेल्या जूनमध्ये ते सॅन होजेला आले तेव्हा मी त्यांना चार सीटच्या सेस्ना विमानात माझ्या शेजारी बसवलं. खाली काय दिसतं याचं त्यांना काही नव्हतं. "ब्रेक कुठायत?" हा पहिला प्रश्न. पायातच आहेत म्हटल्यावर जरा निवांत झाले. जिथे जायचं होतं तिथे उतरा-उडा असं सांगणारा टॉवर नाही, हे सांगितल्यावर पुन्हा ताठ.

"मग डबल बेल कोण देतं?"

कोणीच नाही, अण्णा. अमेरिकेत सगळ्यांना खुली असलेली विमानतळं सुमारे पाच हजार आहेत आणि टॉवर त्यातल्या पाचशेएक ठिकाणी. बाकी सगळीकडे आपलं आपणच. एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. साधारण दहा मैलांवरून बोलायला सुरुवात करायची: आधी विमानतळाचं नाव, मग मी कोण, कुठे आहे, काय करणार, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. दोनदा का, तर एकच फ्रिक्वेन्सी आसपासची चार विमानतळं वापरत असतात. जमिनीपासून हजारेक फुटांवर, डाव्या वळणांचा चौकोन धरून उतरायचं. आणि गंमत म्हणजे अशा बहुतेक ठिकाणी विमानात रेडिओ असलाच पाहिजे असंही नाही. हाताने पंखा फिरवून सुरू करायची जुनी विमानं तोंडातून शब्द न काढता येतात आणि जातात, आणि ते कायद्याला धरून असतं.

"म्हंजे घाटातला हॉर्न," अण्णा म्हणाले.

अगदी तेच. लहानपणी मे महिन्याची सुट्टी संपता संपता मी त्यांच्या गाडीने आजोळी चिपळूणला जायचे, येताना कधी कधी पाऊस सुरू झालेला असायचा. कुंभार्ली घाटात धुकं असलं की अण्णा वळणावर हॉर्न द्यायचे आणि लगेच डोकं खिडकीबाहेर काढायचे. पाऊस तोंडावर घेत. मला वाटायचं, रस्ता दिसावा म्हणून. ते ऐकत असायचे. समोरून ट्रकच्या इंजिनाचा आवाज येतोय का, गिअर बदलल्याचा येतोय का. हॉर्न समोरच्यासाठी असतो, त्याने ऐकला की नाही हे आपल्याला थोडंच कळतं, असं त्यांचं म्हणणं.

लायसन्स मिळाल्यावर वर्षभराने मी हॉलिस्टरला उतरायला गेले होते. त्याआधी दुसऱ्या एका विमानतळावर दोन चकरा मारून आले होते. नवी फ्रिक्वेन्सी रेडिओत भरली, पण ती चालू करायचं बटण दाबायचं राहिलं. चारही घोषणा मी खणखणीत केल्या. उत्तर नाही, कुणाचा आवाज नाही. आज किती शांत आहे म्हणून खूश होते. फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, आल्यावर दिसलं की ग्लायडरला दोरीने ओढणारं विमान रनवेवर धावतंय. इंजिनाला पूर्ण ताकद देऊन वर निघून गेले. त्यानंतर कितीतरी वेळ मांड्या थरथरत होत्या.

उत्तर आलं म्हणजे तरी काय? १९ नोव्हेंबर १९९६ ला इलिनॉयमधल्या क्विन्सीला प्रवाशांचं बीच १९०० विमान उतरत होतं. त्याच्या रनवेला छेदणाऱ्या दुसऱ्या रनवेच्या टोकाला किंग एअर जातीचं विमान उभं होतं. उतरणाऱ्या वैमानिकांनी विचारलं, तुम्ही थांबताय की निघताय? उत्तर आलं, थांबलोय. पण ते किंग एअरचं नव्हतं, त्याच्या मागे उभ्या असलेल्या छोट्या चेरोकी विमानाचं होतं. त्यात नेमक्या त्याच वेळी कॉकपिटमधल्या उंचीच्या इशाऱ्याचा आवाज मध्ये आला. किंग एअर निघालं. दोन्ही रनवे जिथे छेदतात तिथे धडक झाली आणि चौदाच्या चौदा माणसं गेली. बीचमधली माणसं धडकेतून वाचली होती, दार उघडलं नाही म्हणून आगीत गेली. इन्स्ट्रक्टरने मला हे प्रकरण शिकवलं तेव्हा मी अण्णांना फोन केला होता. ते इतकंच म्हणाले, "दुसऱ्याच्याच कंडक्टरनं बेल मारली की."

वॉटसनव्हिल तर आमच्या दारातलं. स्ट्रॉबेरीची शेतं ओलांडून, समुद्रावरचं धुकं विरलं की आम्ही तिथे जायचो. १८ ऑगस्ट २०२२ ला तिथे सेस्ना १५२ आणि दोन इंजिनांचं सेस्ना ३४० हवेत एकमेकांवर आदळली, तीन माणसं गेली. तिथे फ्रिक्वेन्सी चुकली नव्हती. दोघेही बोलत होते. लहान विमान चौकोनातून येत होतं, मोठं सरळ दहा मैलांवरून. पण त्याचा वेग १८० नॉटच्या आसपास, म्हणजे तासाला १८० सागरी मैल, मैलाला वीस सेकंद. उतरताना माझ्या विमानाचा असतो पासष्ट. 'एक मैलावर आहे' हे वाक्य बोलून संपेपर्यंत त्यातलं चौथाई अंतर गेलेलं असतं. लहान विमानातल्याच्या शेवटी लक्षात आलं, उतरणं सोडून देतोय असं तो बोललाही.

तर अण्णा. ज्या विमानतळावर आम्ही उतरत होतो त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. सगळं बोलून झालं होतं, डावं वळण घेऊन मी बेसवर, म्हणजे चौकोनाच्या रनवेला आडव्या बाजूवर, आले. आता डोळे रनवेकडे, म्हणजे डावीकडे. सरळ येणारा मात्र उजवीकडून येतो आणि तिथे मध्ये शेजारच्याचं डोकं असतं.

"बाळ, उजव्या अंगाला गाडी आहे."

आधी मला दिसलंच नाही. मग पिवळं, अरुंद, आमच्याच उंचीवर. रेडिओवर चकार शब्द नाही. उतरणं थांबवलं, लवकर डावीकडे वळून रनवेला समांतर वर गेले. अण्णांनी पूर्ण वेळ बोट त्याच्यावर धरून ठेवलं होतं. ते खालून गेलं, उतरलं.

खाली त्या पिवळ्या विमानाचा म्हातारा वैमानिक भेटला. विमानात वीजच नव्हती. उतरणाऱ्या दोघांत खालचा असेल त्याचा मान पहिला, तरी त्या जोरावर मध्ये घुसायचं नाही, असा नियम आहे. पण तो घुसला नव्हता, मीच बघितलं नव्हतं. त्याने अण्णांना कॉफी पाजली. अण्णांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरी अर्धा तास इंजिन बघत उभे होते दोघे.

परतताना रनवेच्या अलीकडच्या रेघेवर मी थांबले. विमान जरा तिरकं केलं, उतरण्याची वाट पूर्ण दिसेल असं. अण्णांना म्हटलं, तुमची बाजू बघा. त्यांनी बघितली. मग मान वळवून रनवेच्या दुसऱ्या टोकाकडे बघायला लागले.

"तिकडनं कुणी येत नाही, अण्णा. वारा इकडचा आहे."

"वारा आहेच कुठं?"

कापडी कोन खांबाला चिकटून लोंबत होता. मग मीही त्या टोकाला बघितलं, आकाशात, सावकाश. कोणी नव्हतं.